यादी बाईनेच करावी!

दहावी-बारावीचे निकाल लागले, कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की आमच्या यवतमाळ जिल्ह्यात घरोघरी एक विषय हमखास निघतो. कॉम्प्युटर घ्यायचा का? कुणाला टायपिंगची परीक्षा द्यायची असते, कुणाला टॅली शिकायचं असतं, कुणाचा मुलगा पुसदला नाहीतर यवतमाळला इंजिनीअरिंगला लागलेला असतो. मग घरातली पुरुष मंडळी, ‘त्यातलं कळणारा’ एखादा भाचा आणि दुकानदार मिळून काय ते ठरवतात. बाई चहा करते. पैसा मात्र पुष्कळदा तिच्याच गटाच्या कर्जातून, तिच्या शिलाईतून किंवा गळ्यातली पोत गहाण टाकून आलेला असतो. तिने काही विचारलंच तर उत्तर तयार असतं, “त्यातलं तुला काय कळतं?”

मैत्रिणींनो, आज मला या वाक्याशी भांडायचं आहे.

मी साधी बी.ए. झालेली बाई. कॉम्प्युटरच्या पोटात नेमकं काय चालतं हे मला सांगता यायचं नाही. पण बचत गटांच्या कामात गटातल्या बायकांबरोबर दुकानांत जाऊन बसणं झालं, कोटेशनचे कागद वाचणं झालं, आणि माझं मत पक्कं होत गेलं. सुटे भाग निवडून कॉम्प्युटर जोडून घेणं हे काम आपल्या रोजच्या कामापेक्षा फार वेगळं नाही. ठरलेल्या पैशांत लग्नाचा किराणा भरायचा, तूप कुठलं घ्यायचं, कुठे हात आखडायचा, कुठल्या वस्तूत स्वस्ताई अंगाशी येते, हे आपल्याला कुणी शिकवायला लागत नाही. इथेही तेच आहे. फक्त वस्तूंची नावं नवी आहेत.

आधी एक गैरसमज काढून टाकू. ‘असेंबल केलेला’ म्हणजे हलका, डुप्लिकेट, असं आपल्याकडे अजून मानतात. तसं नाही. सगळे भाग नावाजलेल्या कंपन्यांचेच असू शकतात. फक्त ते एका कंपनीने कारखान्यात न जोडता दुकानदार आपल्या गरजेप्रमाणे जोडून देतो. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे डॉ. विजय भटकर यांचं नाव तुम्ही ऐकलं असेलच. अमेरिकेकडून महासंगणक मिळेना, तेव्हा पुण्याच्या सी-डॅकमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ तयार झाला. तो कसा केला? बाजारात मिळणारे लहान लहान प्रोसेसर मोठ्या संख्येने एकमेकांना जोडून. देशाचा पहिला महासंगणक जोडून होतो, तर आपल्या ओसरीतल्या कॉम्प्युटरने जोडलेलं असण्याची लाज का बाळगावी?

आता एक उदाहरण सांगते. दारव्हा तालुक्यातल्या आमच्या एका गटातल्या वहिनी आहेत. तीन एकर कोरडवाहू, त्यात कापूस आणि तूर. लेक बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. टायपिंग आणि टॅलीचा क्लास लावलेला. गटाचं कर्ज आणि शिलाईची शिल्लक मिळून चाळीस हजार जमले. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ चा हमीभाव ८,११० रुपये क्विंटल होता. म्हणजे चाळीस हजार म्हणजे जवळपास पाच क्विंटल कापूस, तोही हमीभाव हाती पडला तर! वेचणी, फवारणी, खत वजा करायचं ते वेगळंच.

एक दिवस वहिनी कागद घेऊन माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, “ताई, दुकानदारानं हा कागद देल्ला. पोरीचे काका म्हणते चांगलाच हाय. तुमी पाहा बरं जरा.”

कागदावर लिहिलं होतं : आय-फाईव्ह प्रोसेसर, १६ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, ५०० वॅट एसएमपीएस, काचेचा रंगीत दिव्यांचा कॅबिनेट, २४ इंची गेमिंग मॉनिटर. एकूण बरोब्बर चाळीस हजार. एकाही वस्तूपुढे कंपनीचं नाव नाही, मॉडेल नंबर नाही, गॅरंटी किती वर्षांची ते नाही. यूपीएस तर यादीतच नाही.

आम्ही तिघी आणि वहिनींचे दीर दुकानात गेलो. वहिनींनी विचारलं, “हे आय-फाईव्ह कितव्या पिढीचं हाय?” दुकानदाराने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. दिराकडे वळून म्हणाला, “भाऊ, आय-फाईव्ह आहे, आय-थ्रीपेक्षा भारीच असते ना!” वहिनींनी पुन्हा तोच प्रश्न केला. तिसऱ्यांदा केला. तेव्हा कुठे उत्तर आलं, “थर्ड जनरेशन.”

या एका उत्तरात पाच क्विंटल कापसाचा निकाल होता. ‘आय-फाईव्ह’ हे नुसतं घराण्याचं नाव झालं. पैठणी म्हटली म्हणून ती येवल्याच्या हातमागावरचीच असेल असं नाही, तसंच हे. इंटेलची तिसरी पिढी आली २०१२ साली. आजचा साधा, बाराव्या पिढीचा आय-थ्रीसुद्धा तिला सहज मागे टाकतो. दुसरं म्हणजे मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला, आणि विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या पिढीच्या अलीकडचे प्रोसेसर मागते. म्हणजे ती पोरगी पहिल्याच दिवशी जुनी झालेली वस्तू घरी नेणार होती, नव्याच्या भावात.

आम्ही तिथून उठलो. दुसऱ्या दुकानात बसून वहिनींनी आणि लेकीने नवी यादी केली. ती करताना जे जे पाहिलं, तेच आता क्रमाने सांगते. भाव लिहीत नाही, कारण ते महिन्या-महिन्याला बदलतात. भावापेक्षा पैसा कशावर घालायचा हे कळणं महत्त्वाचं.

सगळ्यात पहिला प्रश्न दुकानदाराला नाही, घरात विचारायचा. काम काय आहे? टायपिंग, टॅली, फॉर्म भरणं, ऑनलाइन तास बघणं, गटाचे हिशेब, एवढंच असेल तर वेगळं ग्राफिक कार्ड लागत नाही. चित्र दाखवण्याची सोय प्रोसेसरमध्येच असते. पण इथे एक खाच आहे. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नंबरापुढे ‘एफ’ अक्षर असतं त्यात ही सोय नसते. ते थोडे स्वस्त मिळतात म्हणून घेतले, की वरून कार्ड घ्यावंच लागतं. म्हणजे स्वस्तात घेतलं आणि महागात पडलं! तसंच प्रोसेसर डब्यात सीलबंद आहे का ते पाहा. सुटा आणून बसवला तर कंपनीची गॅरंटी मिळेल याची खात्री नाही.

मदरबोर्ड म्हणजे घराचा पाया. त्यावर प्रोसेसर बसतो, रॅम बसते. प्रत्येक प्रोसेसरची बैठक ठरलेली असते, कुकरला त्याच्याच मापाचं झाकण लागावं तशी. रॅमचंही तसंच. डीडीआर-४ ची पट्टी डीडीआर-५ च्या खाचेत बसत नाही. म्हणून हे तीन भाग एकमेकांशी जुळतात का ते आधी पाहायचं, भाव मग. नाव नसलेला बोर्ड नको, आणि रॅमच्या निदान दोन खाचा हव्यात.

दोन खाचा का? कारण आज सगळं घ्यायची गरज नाही. वहिनींनी १६ ऐवजी ८ जीबीची एकच पट्टी घेतली आणि दुसरी खाच रिकामी ठेवली. पुढच्या हंगामात पैसे आले की भरता येईल. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव कडाडले. कारण ऐकाल तर गंमत वाटेल. जगभर कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी मोठमोठी डेटा सेंटर उभी राहत आहेत, आणि मेमरीच्या चिप तिकडे खेचल्या जात आहेत. न्यूयॉर्कच्या बाजारात कापूस हलला की आपल्याकडे भाव हलतो, हे आपल्याला नवं नाही. रॅमचंही तसंच चाललं आहे. अशा वेळी गरजेपुरतं घ्यावं आणि जागा राखून ठेवावी.

फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी घ्या. १ टीबीच्या जुन्या डिस्कपेक्षा ५१२ किंवा अगदी २५६ जीबीची एसएसडी आपल्या कामाला बरी. त्यात फिरणारा भाग नसतो. कॉम्प्युटर झटकन सुरू होतो, आणि टेबलाला धक्का लागला तर जीव वर-खाली होत नाही. फोटो आणि व्हिडिओंचा ढीगच साठवायचा असेल तर मोठी डिस्क नंतर जोडता येते.

आता ज्या वस्तूकडे कुणीच पाहत नाही ती. एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा. आपल्या भागात तर यादीत पहिला मान याला द्यायला हवा. संध्याकाळी व्होल्टेज पडतं, रात्री एकदम चढतं. पावसाळ्यात लाईन जाते आणि दहा वेळा येते-जाते. हा झटका पहिल्यांदा एसएमपीएस झेलतो. तो पोकळ असेल तर जाताना मदरबोर्डालाही घेऊन जाऊ शकतो. बिननावाच्या डब्यावर ‘५०० वॅट’ छापायला काय जातं? त्यापेक्षा नावाजलेल्या कंपनीचा, ‘८० प्लस’ लिहिलेला ४०० किंवा ४५० वॅटचा घ्या. या चिन्हाचा साधा अर्थ असा, की शंभर युनिट वीज घेतली तर निदान ऐंशी कामाला लागते, बाकीची उष्णतेत जाते. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाकडे गेला की खोलीत उष्णता कमी झालेली बरीच.

त्याच्या जोडीला यूपीएस. दुकानदार ‘नंतर घेऊ’ म्हणतील. ऐकू नका. ६०० व्हीएचा साधा यूपीएस आपल्या अशा कॉम्प्युटरला दहा-पंधरा मिनिटं देतो. काम साठवून नीट बंद करायला तेवढं पुरतं. त्यावर फक्त कॉम्प्युटर आणि मॉनिटर लावा, प्रिंटर नाही, टेबलफॅन तर नाहीच! त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते, तेवढा पैसा मनात धरून ठेवा.

आणि घरातलं अर्थिंग तपासून घ्या, बायांनो. पुष्कळ घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या पिनेमागे तारच नसते. मग कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात, आणि आपण “करंट मारते जी जरासा” म्हणून सोडून देतो. तो जरासा एखाद्या दिवशी जास्त होईल. कॉम्प्युटर यायच्या आधी वायरमनला बोलवा. विजा कडाडायला लागल्या की पिन भिंतीतून काढा, इंटरनेटची तारही काढा.

मग कपात कुठे करायची? कॅबिनेटमध्ये. लोक त्यालाच ‘सीपीयू’ म्हणतात, पण तो नुसता पेटारा. काच नको, दिवे नको, हवा खेळेल अशी जाळी हवी. आपल्याकडची धूळ आणि सरकी-रुईचे तंतू पंख्यात जाऊन बसतात, म्हणून दोन-तीन महिन्यांनी उघडून साफ करता यायला हवा. मॉनिटर २४ ऐवजी साडेएकवीस इंची चालतो. कीबोर्ड-माउस साधे. वहिनींनी इथेच पैसे वाचवले आणि त्यात एसएमपीएस आणि यूपीएस बसवला. चाळीसच्या आत!

आता विंडोजचं. दुकानदार ‘फुकट टाकून देतो’ म्हणतो ती बहुतेक वेळा चोरीची प्रत असते. ज्या मशीनवरून उद्या बँकेचा, शिष्यवृत्तीचा व्यवहार होणार त्यात चोरीचा माल घालायचा? अस्सल विंडोजला बरेच पैसे लागतात, ते यादीत धरायला हवेत. झेपत नसतील तर उबंटूसारखी मोफत लिनक्स प्रणाली आहे, लिब्रेऑफिस मोफत आहे, मराठी युनिकोड टंकलेखन त्यात होतं. वहिनींच्या लेकीने तूर्त तेच घेतलं. टॅलीचा सराव क्लासमध्ये करते, विंडोज पुढे घेईल.

म्हणून सरसकट असेंबलच घ्या असंही माझं म्हणणं नाही. कंपनीच्या तयार डेस्कटॉपमध्ये अस्सल विंडोज आणि घरी येऊन दुरुस्ती मिळत असेल, तर दोन्ही हिशेब शेजारी मांडून पाहा. मुलगी अमरावती-नागपूरला होस्टेलवर राहणार असेल तर लॅपटॉपच बरा. हातात पैसे फारच कमी असतील तर कंपन्यांनी वापरून काढलेले डेस्कटॉप मिळतात, त्यात आठव्या पिढीच्या अलीकडचा पाहून एसएसडी टाकून घ्या. पण घरातल्या तिघा-चौघांनी वापरायचं, दहा वर्षं चालवायचं आणि बिघडलं तर तेवढाच भाग बदलायचा, तर जोडून घेतलेला कॉम्प्युटर आपल्यासारख्यांना परवडतो.

बिलाबद्दल मात्र मी हट्टी आहे. “बिल नको म्हणा, जीएसटी वाचेल,” असं कानात सांगतात. १८ टक्के वाचतात खरे, पण गॅरंटीही त्याबरोबर जाते. पक्कं बिल घ्या. त्यावर प्रत्येक भागाची कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर आणि गॅरंटीची वर्षं लिहून घ्या. डबे फेकू नका. भाग तुमच्यासमोर जोडायला सांगा, आणि सुरू झाल्यावर प्रोसेसर, रॅम यादीप्रमाणे दिसतात का ते पडद्यावर पाहा. फसवणूक झालीच तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, आणि जिल्हा ग्राहक आयोग आहे. बिल हातात असेल तर तिथे बोलता येतं.

कुणी म्हणेल, एवढा आटापिटा कशाला, मोबाइल आहे ना हातात? मोबाइलवर बघता येतं, पण अर्जाची दहा पानं टाइप करता येत नाहीत, हिशेबाचा तक्ता मांडता येत नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर २०२३’ या पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वर्षांच्या मुलामुलींना कॉम्प्युटरबद्दल विचारलं होतं. घरी कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप असलेली जेमतेम ९ टक्के निघाली. ज्यांच्या घरी तो होता त्यांतल्या ८५ टक्क्यांना तो वापरता येत होता. ज्यांच्या घरी नव्हता त्यांतल्या ३४ टक्क्यांनाच. कॉम्प्युटर घरी असणं आणि तो येणं यांचा संबंध इतका सरळ आहे.

पण घरी आला म्हणजे मुलीच्या वाट्याला आला असं नाही, हेही मी पाहते. भाऊ गेम खेळतो, बहीण भांडी झाल्यावर बसते. तोवर लाईन गेलेली असते! म्हणून माझं सांगणं, कॉम्प्युटर पोराच्या खोलीत नको, बैठकीत ठेवा. वेळा वाटून घ्या आणि त्या पाळल्या जातात की नाही ते पाहा. आणि दिवसातला अर्धा तास स्वतःच्या नावावर लिहा. वहिनी आता गटाची मासिक शिल्लक लेकीकडून त्यावर मांडून घेतात. अजून माउस हातातून निसटतो, पण बेरीज चुकली तर लगेच ओळखतात. चाळीस वर्षं घराचा हिशेब तोंडी ठेवलेल्या बाईला बेरीज शिकवावी लागत नाही.

“तुला काय कळतं?” असं विचारणाऱ्यांना उलटून बोलायची गरज नाही. कागद-पेन घ्या. प्रोसेसर कितव्या पिढीचा, एसएमपीएस कुठल्या कंपनीचा, यूपीएस यादीत आहे का, पक्कं बिल मिळेल का, हे चार प्रश्न लिहा आणि दुकानात स्वतः जाऊन विचारा. उत्तर दिराला दिलं तर पुन्हा विचारा. पैसा आपल्या घामाचा आहे. दुकानदाराने उत्तर आपल्याकडे बघूनच द्यायला हवं.